श्लोक तेवढेच, पसारा तिप्पट

निवृत्तीनंतर संस्कृत सुभाषितें जमवून विषयवार लावण्याचा उद्योग मीं आरंभिला. आज त्यांची संख्या १२,४०० झाली आहे. मूळच्या कागदी चिठ्ठ्या वाळवीनें संपविल्या. तेव्हां संग्रह म्हणून जें कांहीं उरलें आहे तें संगणकावरील पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसांत. त्याची एक प्रत नातवानें बंगळुरास आपल्याजवळ करून ठेविली. तिचें टेबल अवघें ६ एमबी भरलें. घरचें मात्र १८! दोनतृतीयांश सुभाषितें वाटेंतच गळालीं कीं काय, या शंकेनें मला रात्रभर डोळा लागला नाहीं.

नातू म्हणाला, "आजोबा, आधीं मापें एकच आहेत ना, तें पाहूं." एका मापांत इंडेक्सहि धरला जातो, दुसऱ्यांत नाहीं, परंतु येथें दोन्हीकडे नुसतें टेबलच मोजिलें होतें. ओळींची संख्या जुळली. पण संख्या जुळली म्हणजे श्लोक जुळले असें नव्हे, हें पेपर तपासण्यांत जन्म घालविलेल्यास सांगावयास नको. म्हणून त्यानें एका प्रतींतून दुसरी वजा केली, मग उलटहि केली. दोन्ही वेळां बाकी शून्य. जीव भांड्यांत पडला.

मग वरचे १२ एमबी कशाचे? पोस्टग्रेसमध्यें ओळ दुरुस्त केली म्हणजे जुनी ओळ पुसली जात नाहीं. दुरुस्त ओळ निराळी लिहिली जाते व जुनी तशीच पडून राहते. त्याच वेळीं दुसरा कोणी वाचीत असेल, तर त्याच्या हातचें पान ओढून घेऊं नये, हा हेतु. आम्हीं सर्व श्लोकांतील अनुस्वारांचे परसवर्ण केले, मग विषयांक घातले, आणि तेंहि एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्यें. म्हणजे प्रत्येक श्लोकाच्या तीन आवृत्त्या झाल्या.

नवल असें कीं मृत ओळींची गणना आतां शून्य दिसत होती. व्हॅक्यूम नांवाचा झाडूवाला मागाहून येऊन गेला होता. पण तो खोली झाडतो, पाडीत नाहीं. जिवंत ओळी फाइलीच्या शेवटच्या पानांवर बसलेल्या, त्यामुळें अलीकडची मोकळी जागा फाइलींतच अडकून राहिली. बंगळूरची प्रत नव्यानें लिहिलेली, म्हणून आटोपशीर.

'व्हॅक्यूम फुल' केल्यास टेबल नव्यानें लिहिलें जाऊन लहान होतें. मात्र तेवढा वेळ त्यास कोणासहि हात लावतां येत नाहीं. नातू तें करावयास निघालाच होता. मीं म्हटलें, "राहूं दे." त्या मोकळ्या जागेंत आणखी चोवीस हजार श्लोक मावतील असा त्याचा हिशेब आहे. परवांपासून भर्तृहरीचे राहिलेले श्लोक घालीत आहें.