टावरपर्यंतची सायकल

उज्जैनला कोणी "टावरवर भेटू" म्हणालं की पत्ता विचारावा लागत नाही. फ्रीगंजमधला घड्याळाचा मनोरा आणि संध्याकाळी त्याच्याभोवती चाट, पाणीपुरीच्या गाड्या. आमचं घर रेल्वेच्या अलीकडे, महाकालच्या बाजूला. मध्ये ओव्हरब्रिज. महाकालचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी पुन्हा उभारलं, ही गोष्ट बाबा मला पूल चढता चढता सांगत, सायकलवरून न उतरता.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. सत्तरीतल्या बाबांची संध्याकाळ, टावरवरचे मित्र, सगळं त्या पुलापाशी अडलं.

मी पुण्यात बसून ई-सायकल मागवली. मोठी बॅटरी, जाड टायर, पुढे-मागे सस्पेन्शन. वजन २८ किलो. तो आकडा मी वाचला होता. मोटर आहे ना, म्हणून सोडून दिला.

दिवाळीत घरी आलो तर सायकल जिन्याखाली, कव्हर घालून. बाबा म्हणाले, "छान आहे रे, पण आता इच्छा होत नाही." आईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. ओट्याच्या तीन पायऱ्या चढवताना सायकल त्यांच्या अंगावर आली होती. कोपर सोलवटलं, आणि "त्याला सांगू नकोस" म्हणून बजावलं होतं.

त्या रात्री मी हिशोब नव्याने मांडला. सपाट रस्त्यावर पाच-सात किलोंनी फारसा फरक पडत नाही. पण पायरी चढवताना, स्टँडवर लावताना, गर्दीत एका पायावर तोल सांभाळताना मोटर मदतीला येत नाही. बॅटरी संपली तर तेच वजन पायांनी ओढायचं. बाबांची रोजची फेरी सहा-सात किलोमीटर. पेडल मारत गेलं तर किलोमीटरला साधारण दहा वॉट-अवर धरले तरी पुष्कळ. म्हणजे २५० वॉट-अवरची, दोनेक किलोंची लिथियम बॅटरी त्यांना तीन दिवस पुरते. बाकीचं वजन मी माझ्या हौसेचं त्यांच्या गळ्यात बांधलं होतं. मोटरही २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की नोंदणी, लायसन्स काही लागत नाही. मोठ्या मोटरची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी इंदूरला दुकानात गेलो, या वेळी बाबांना घेऊन. मी विक्रेत्याला आकडे विचारत होतो. बाबा म्हणाले, "धावते कशी ते नंतर. आधी माझ्याने उचलवते का ते बघू." चार सायकली उचलून त्यांनी एक निवडली. अ‍ॅल्युमिनियमची, १७ किलोंची, पाय उंच न टाकता बसता येईल अशी. सस्पेन्शन नाही, साधे टायर.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही दोघं टावरला निघालो. मी त्यांच्या जुन्या सायकलवर. पुलाच्या चढावर बाबांनी मोटरची मदत एक पायरी वाढवली, पेडल मात्र मारत राहिले. मी मागे धापा टाकत होतो.

तुम्हीही दूर राहून आई-बाबांसाठी अशी सायकल घेणार असाल, तर ऑर्डर देण्याआधी त्यांना ती एकदा उचलून बघू द्या.

पुलाच्या मध्यावर बाबांनी मान वळवली. "ते रामचंद्रबाबा माहीत आहेत ना तुला?"

माहीत होते. तरी मी "नाही" म्हणालो.