काळे शीड

अथेन्सला गेलेला माणूस ॲक्रोपोलिस चढतो, म्युझियममधल्या मूर्ती पाहतो, उन्हाने हैराण होतो आणि परत येतो. मे महिन्याच्या सुटीत आम्हीही तेच केले. पण एक दिवस सूनियनसाठी राखून ठेवायचा, असे मी सौ.ला आधीच बजावले होते. “तिथे काय आहे?” तिने विचारले. “एका बापाची वाट पाहण्याची जागा,” मी म्हणालो. ती हसली नाही. आमच्या घरची एक गोष्ट तिला ठाऊक आहे.

सूनियन म्हणजे ॲटिका प्रांताचे दक्षिणेकडचे शेवटचे टोक. अथेन्सपासून ते सुमारे ७० किलोमीटर आहे. बस दोन तास समुद्राच्या कडेकडेने जाते. डावीकडे बोडके डोंगर आणि उजवीकडे पाणी. आमच्यासारख्या कोकणातल्या माणसाला हा समुद्र जरा परकाच वाटतो. माड नाहीत, खाडीचा चिखल नाही, गाजही बेताचीच. नुसता निळा रंग ओतून ठेवल्यासारखा!

टोकाशी समुद्रापासून सुमारे ६० मीटर उंचीवर पोसायडनचे मंदिर उभे आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. हाती त्रिशूळ असलेला, भूकंप करणारा आणि भलताच रागीट. इथले आधीचे मंदिर इराण्यांनी इ. स. पूर्व ४८० मध्ये पाडले. आज दिसते ते इ. स. पूर्व ४४४ ते ४४० च्या सुमारास बांधलेले. छप्पर केव्हाच गेले; उरले ते पांढरे खांब. अशा खांबांवर एरवी वीस पन्हळी असतात, इथे मात्र सोळाच आहेत. एका दगडावर कवी बायरनचे नाव कोरलेले आहे. त्यानेच ते कोरले, असे सांगतात. आपल्याकडे किल्ल्यांवर नावे कोरणाऱ्या वीरांना एवढा मोठा पूर्वज आहे, हे ठाऊक नसावे!

बाहेर जाणाऱ्या खलाशाला आपल्या भूमीचे शेवटचे दर्शन इथेच व्हायचे आणि परतणाऱ्याला पहिलेही इथेच. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ देतात, त्यामागचे मन आणि इथे नवस बोलणाऱ्या ग्रीक खलाशाचे मन काही वेगळे नसावे.

आता ती गोष्ट. क्रीटचा राजा मायनॉस बलाढ्य होता. त्याचा मुलगा अथेन्सच्या मुलखात मारला गेला, म्हणून त्याने अथेन्सवर खंडणी बसवली: सात तरुण आणि सात तरुणी. त्यांना मिनोटॉरच्या तोंडी द्यायचे. मिनोटॉर म्हणजे धड माणसाचे आणि डोके बैलाचे. डीडलस नावाच्या कारागिराने बांधलेल्या भुलभुलैयात तो कोंडलेला असे. एकदा अथेन्सचा राजपुत्र थीसियस आपण होऊन त्या चौदांत निघाला. गलबताला काळे शीड होते. म्हातारा राजा एजियस म्हणाला, “बाळा, जिवंत परतलास तर पांढरे शीड लाव. मला लांबूनच कळेल.”

पुढचे सगळे सुरळीत झाले. मायनॉसची मुलगी ॲरिआड्नी हिने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने थीसियस भुलभुलैयातून बाहेर आला, मिनोटॉर मेला. पण परतीच्या वाटेवर त्याने त्या मुलीला नॅक्सॉस बेटावर सोडून दिले आणि विजयाच्या आनंदात शीड बदलायचे विसरला. कड्यावर उभ्या असलेल्या बापाला काळे शीड दिसले. त्याने खाली उडी घेतली. तेव्हापासून तो समुद्र एजियन झाला.

पौसेनियस हा जुना ग्रीक प्रवासी मात्र राजाची जागा अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर दाखवतो. पण तिथून उडी घेतली तर समुद्रात कसे पडायचे? लोकांनी गोष्ट सूनियनला आणली, ती मला तरी योग्यच वाटते. आणखी गंमत अशी, की काही कथांत थीसियस हा मुळी पोसायडनचाच मुलगा. म्हणजे खरा बाप पाण्यात बसलेला आणि वाट पाहणारा बाप कड्यावर!

आपल्याला इथे दशरथ आठवतो. पण दशरथाला शाप होता आणि राम वचनाला बांधलेला होता. थीसियसला कसलेच बंधन नव्हते. तो नुसता विसरला. म्हणूनच ही गोष्ट मला जास्त लागते.

मी पुण्याला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. दिवाळीला अमुक गाडीने येतो, असे अण्णांना पत्राने कळवले होते. आयत्या वेळी मित्रांनी रायगडचा बेत काढला. शेजारच्यांकडे फोन करायचा होता, तो राहून गेला. त्याच रात्री परतीच्या पावसाने घाटात दरड कोसळली. अण्णा हातात बॅटरी घेऊन रात्रभर स्टँडवर उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हसतहसत घरी पोचलो. ते काही बोलले नाहीत. “आंघोळीला पाणी तापलंय,” एवढेच म्हणाले. त्यांचे हात थरथरत होते, ते मी पाहिले.

सूनियनला सूर्य बुडाला तेव्हा साडेआठ वाजले होते. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अकरा. “आता झोपले असतील,” सौ. म्हणाली. तरी मी फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

“पोचलास का रे?”

“पोचलो, अण्णा.”

“बरं,” ते म्हणाले, “झोपतो आता.”