फोनला रेनकोट, फोनला टोपी!
पहिला पाऊस पडला, की दादर स्टेशनबाहेर छत्र्यांशेजारी गळ्यात अडकवायचे मोबाइल पाउच लटकू लागतात. गुलाबी, पिवळे, एकदम कूल! आमच्या बाबांचा ब्रँड मात्र एकच : नव्या शर्टाची पारदर्शक पिशवी आणि रबरबँड. हसू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्यांचा फोन खिशातच भिजून बंद पडला. ते चालत घरी पोचेपर्यंत आई रात्रभर दारात उभी होती. पातळ प्लॅस्टिकवरून टचस्क्रीनही चालतो, बरं का! आणि पुढे शिवाजी पार्कच्या चौपाटीवर ऊन पडून स्क्रीन दिसेनासा झाला, तर मी जुन्या लग्नपत्रिकेची टोपी फोनला घालते. लोक बघतात. बघू देत! घरी ‘पोचतेय’ एवढा मेसेज गेला म्हणजे झालं.