कडेची पाटोडी

पक्वान्न वेगळे आणि जिव्हाळ्याचा पदार्थ वेगळा. पक्वान्नाची आठवण सणाला होते; जिव्हाळ्याच्या पदार्थाची ताप उतरल्यावर, परगावी एकटे असताना. अमेरिकेत अशा वेळी पुष्कळांना ‘सॅलिसबरी स्टेक’ आठवतो : गोमांसाच्या खिम्याची चपटी वडी आणि वर दाट रस्सा. डॉ. जेम्स सॅलिसबरी यांनी १८८८ सालच्या आपल्या ग्रंथात खिम्याच्या अशा वड्या औषध म्हणून दिवसातून तीनदा खायला सांगितल्या होत्या. औषध मागे पडले, वडी राहिली.

आम्हा बाभुळगावकरांची वडी बेसनाची. यवतमाळ जिल्ह्यातले आमचे गाव कापसाचे. उन्हाळ्यात भाजीची टंचाई झाली, की घरात पाटोडी-रस्सा ठरलेला. लसूण-मिरचीच्या फोडणीच्या पाण्याला उकळी आली की बेसन वैरायचे, घट्ट गोळा होईपर्यंत घोटायचे, तेल लावलेल्या ताटात थापायचे आणि वर खोबरे-खसखस पेरून शंकरपाळ्यांसारख्या वड्या पाडायच्या. रस्सा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा, वर लाल तर्री. पाटोडी त्यात आधीपासून सोडली तर विरघळते. म्हणून जेवणारा बसला, की मगच वरून गरम रस्सा ओतायचा. वाढणारीने तोवर चुलीपाशी थांबायचे.

आता गोल ताटात अशा वड्या पाडल्या, की कडेला वेडेवाकडे तुकडे उरणारच. मधल्या नेटक्या वड्या पहिल्या पंगतीला जात : बाबा, काका, पाहुणे. कडेचे तुकडे आईला, काकूला आणि मुलगी म्हणून मला. तसा नियम कुणी केला नव्हता. म्हणूनच तो मोडायचा कसा, हेही कुणाला सुचत नव्हते.

हल्ली आई माझ्याकडे असते. मी तिला मधल्या वड्या वाढते. ती त्या हळूच नातीच्या ताटात सरकवते. “तुम्ही खा. मले कडचं चालते.” त्या ‘चालते’चा मला फार राग येतो, तिचा नव्हे, त्या शब्दाचा.

गेल्या उन्हाळ्यात मात्र माझ्या लेकीने ताट पुढे ओढले आणि कडेचे सगळे तुकडे उचलले. “हेच मस्त लागतात!” खरेच आहे, कड पातळ, तिच्यात रस्सा आतपर्यंत मुरतो. आई क्षणभर बघत राहिली.

“अवं पोरी, दोन तं ठेव मले!”

जेवताना आईने स्वतःसाठी काही मागितलेले मी प्रथमच ऐकत होते. त्या दोन तुकड्यांवरून आजी-नातीचे चांगलेच जुंपले. मी मुकाट्याने मधल्या वड्या खात बसले.