कोरं मस्टर

माणूस काठीनं लुटला जातो तसा कागदानंही लुटला जातो. मी सूतगिरणीत पाळी करतो, पगाराची चिठ्ठी मोजून घेतो. माझी आई सरकारी रस्त्यावर खडी फोडायची. तिथं ठेकेदाराचा मुकादम कोऱ्या मस्टरवर अंगठा घ्यायचा. आकडा तो मागनं भरायचा.

कायदा मुका नव्हता. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ठेकेदारावर हजेरीचं आणि पगाराचं रजिस्टर बंधनकारक केलं. पगार मूळ मालकाच्या माणसासमोर वाटायचा. ठेकेदारानं बुडवला तर मूळ मालकानं भरायचा. आणि सरकारी कामावर मूळ मालक कोण? सरकारच!

दिल्लीत १९८२च्या एशियाडची बांधकामं चालली होती. रोजी सव्वानऊ रुपये. ठेकेदार ती जमादाराच्या हातात द्यायचे, जमादार माणशी रुपया कापायचा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं त्याच वर्षी ठणकावलं : किमान वेतनाहून कमी देऊन राबवणं ही वेठच, घटनेच्या कलम २३चा भंग.

वेठ म्हटलं की महारकी आठवते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल मांडलं ते उगाच नाही. बापजाद्यांच्या राबण्याची वहीच नव्हती. आता वही आहे, पण खोटी. खोटी वही म्हणजे लिहून ठेवलेली वेठ.

म्हणून पोरांनो, कविता लिहाच. पण कामावरही जा. मस्टर मागा. माणसं गोळा करून नावानिशी, आकड्यानिशी मोठ्यानं वाचा. अंगठा उठवायच्या आधी.