निळूभाऊ

जत्रेत आमच्याकडे तंबू टॉकीज यायचं. पडद्यावर निळू फुले दिसले रे दिसले, की बायकांच्या बाजूनं शिव्याशाप सुरू. आजी कडाकडा बोटं मोडायची, “मुडदा बशिवला तुझा!” मी तिच्या पदराआड. भीती मारामारीची नव्हती. हा माणूस शब्द घोळवत बोलायचा, डोळे बारीक करून बघायचा, तेवढ्यानंच अंगावर काटा यायचा.

कॉलेजात ‘सामना’ पाहिला आणि हादरलो. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. हिंदुराव धोंडे पाटील साखरसम्राट. दारुड्या मास्तराला खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य हौसेनं दाखवतो. हा माणूस मी ओळखत होतो! उसाला तोड मिळावी म्हणून आमचे वडील अशाच एकाच्या ओट्यावर टोपी हातात धरून ताटकळायचे. तो कधी ओरडला नाही. “बसा की,” म्हणायचा आणि बसायला जागा नसायची. निळूभाऊंनी नेमका तो गोडवा पकडला होता. मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो, तसतसा हिंदुरावाचा तोरा ओसरत जातो. तिथं मला चक्क त्याची कीव आली. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं माझ्यावरच बोटं मोडली असती.

पुढं कळलं, की हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातला. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगानं नाव झालं, १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’नं सिनेमा दिला. पैसा-नाव आल्यावरही चळवळ सुटली नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अभिनेते डॉ. श्रीराम लागूंसोबत ते झटले. सत्तेचा माज त्यांनी इतका अचूक दाखवला, तो तिच्याविरुद्ध उभं राहून तिला जवळून न्याहाळल्यामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

१३ जुलै २००९ला ते गेले. कर्करोगानं. त्या रात्री मी ‘सिंहासन’ लावला. त्यातला निळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस. सगळं बघणारा, सगळं ठाऊक असलेला आणि काहीच करू न शकणारा. शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. मला मात्र रडू आवरेना.

गॅदरिंगमध्ये पोरं अजूनही निळूभाऊंचा आवाज काढतात, टाळ्या घेतात. पाटलाचाच काढतात. दिगूची नक्कल करताना अजून कुणी दिसलं नाही.