नंतर बघू

ऑगस्ट २०१९ ची गोष्ट. कृष्णा फुगली की आमच्या पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, ते कुरुंदवाडात शिरतं. त्या वर्षी तर महापूरच. म्हशी घेऊन आम्ही उंचावरच्या पाहुण्यांकडे गेलो. थोरला पुण्याला नोकरीस. फोन धड लागेना. एका रात्री त्याचा इंग्रजीत निरोप आला : 'लुक आफ्टर आई.'

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, आणि शब्दार्थ पाठ. लुक म्हणजे बघ, आफ्टर म्हणजे नंतर. मी अर्थ लावला : 'आईला नंतर बघा!' माझं डोकंच फिरलं. एवढं शिकवलं ते याचसाठी? दोन दिवसांनी फोन लागला, तर मी त्याच्याशी बोललोच नाही.

पाहुण्यांची नात सातवीत. तिनं निरोप वाचला आणि हसतच सुटली.

"आजोबा, लुक आफ्टर म्हणजे सांभाळा! काका म्हणतायत, आईला जपा."

मग वहीत लिहून दाखवलं. लुक ॲट म्हणजे बघणे, लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. 'शी लुक्स आफ्टर द बफेलोज' म्हणजे ती म्हशी सांभाळते. शेपूट बदललं की अर्थ बदलला.

"ही कसली भाषा!" मी म्हणालो.

"मग आपण 'चूक पोटात घाला' म्हणतो, ती काय जेवायला?"

मी गप्प झालो.

रात्री मात्र झोप येईना. पोरानं जे म्हटलंच नव्हतं, ते मीच वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. हिचे गुडघे पाच वर्षं दुखत होते. दवाखान्याचं नाव काढलं की माझं उत्तर ठरलेलं. भांगलण उरकू दे, नंतर बघू. उसाचं बिल येऊ दे, नंतर बघू. म्हैस आजारी पडली, तर डॉक्टर त्याच दिवशी दारात!

पाणी ओसरलं, घरातला गाळ काढला आणि आधी हिला दवाखान्यात नेलं. "लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. औषध आणि व्यायामानं दुखणं उतरलं. पण खाली मांडी घालून बसणं गेलं, ते गेलंच. आता ती खुर्चीवर बसून भाजी निवडते.

मंडळी, इंग्रजी शब्दाचा अर्थ पोरं सांगतील. आपल्या घरात 'नंतर बघू' कुणाच्या वाट्याला येतं, ते मात्र आपणच बघायचं. आणि आजच बघायचं.